पारा बावीसवर होता

सकाळी उठल्याउठल्या माझा मोबाइल मला सांगतो की बुऱ्हाणपुरात आज बेचाळीस आहे आणि वाटेल मात्र सेहेचाळीस. कोणाला वाटेल, हे तो सांगत नाही. मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवणं हा माझा धर्म. तरी मी हळूच चप्पल काढते, ओट्याच्या फरशीवर एक पाय टेकवून बघते आणि मगच ठरवते की भाजीला आत्ता जायचं की संध्याकाळी. मुलगा हसतो. म्हणतो, "आई, तू फिजिक्सवाली ना?" हो, फिजिक्सवालीच. पण त्यातला एक धडा मी ज्या बाईकडून शिकले तिला सही करता येत नव्हती, आणि तो शिकताना माझी जी शोभा झाली ती घरात कोणी विसरलेलं नाही, कारण दर दिवाळीला मीच ती सांगत असते.

माझ्या लहानपणी आमच्या घरात उष्णता मोजत नसत, तिची चर्चा करत. आई गच्चीवर पापड टाकायची आणि शेवटचा पापड टाकेपर्यंत पहिला वाळून वर वळला, तर खाली येऊन जाहीर करायची, "आज काही खरं नाही." अण्णा, म्हणजे माझे वडील, सायकलच्या सीटवर बसता येतं की नाही यावर दिवसाचा अंदाज बांधायचे. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा घरोघरी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग होते, दिवसभर त्यांची खटखट चालायची, आणि दुपारी लाइट गेली की एकदम सगळीकडे जी शांतता पसरायची तिचासुद्धा आम्हाला उकाडा वाटायचा. या सगळ्यात आकडा कुठेच नव्हता. आकडा घरात आणला तो मी.

अण्णांचा धंदा केळीचा. देडतलाईकडच्या, इच्छापूरकडच्या बागांमधून हिरवे घड यायचे, त्यातले बहुतेक ट्रकमध्ये भरून कच्चेच उत्तरेकडे जायचे. थोडा माल गावासाठी पिकवायचा, त्यासाठी घराच्या मागे एक जाड भिंतींची, एका दाराची आणि एका झरोक्याची खोली होती. त्या खोलीची मालकीण होती अक्का. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ मोकळं करून डोईफोडियाहून माहेरी आली आणि मग इथलीच झाली. घरातल्या हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात बसायची, कोणी सांगितलं नसताना. पण खोलीपुढे मात्र तिचा आवाज वेगळाच निघायचा. मजुरांना, अण्णांना, प्रसंगी देवालाही ती तिथून दम द्यायची. फण्या कशा रचायच्या, मडक्यात गोवऱ्या पेटवून धूर किती वेळ द्यायचा, गरमीच्या दिवसात बर्फाची लादी केव्हा आत न्यायची आणि दार केव्हा उघडायचं, हे सगळं ती एकटी ठरवायची. कसं ठरवायची? हात घालून. राशीवरचं तट्ट, म्हणजे गोणपाटाचं पांघरूण, बाजूला करायचं, उजवा हात कोपरापर्यंत फण्यांच्या मधोमध सारायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून एक दिस," किंवा "उघडा रे, उघडा!"

त्याआधीचा तिचा एक प्रकार असे. ओसरीवर पाच-सात मिनिटं ती नुसती बसून राहायची, उजवा हात पदरात गुंडाळून काखेत धरलेला. त्या वेळी तिला कोणी पाणी मागायचं नाही, भांडं हातात द्यायचं नाही. आई म्हणायची ती जप करते. मी अकरावीत सायन्सला होते, त्यामुळे मला ठाऊक होतं की ती अंधश्रद्धा आहे.

आमच्या शाळेत तिवारी सर भौतिकी शिकवायचे. खडूने पांढरी झालेली मिशी, आणि प्रत्येक गोष्टीचा प्रयोग. एके दिवशी त्यांनी टेबलावर तीन भांडी मांडली: एकात गरम पाणी, एकात बर्फाचं, मधल्यात साधं. मला बोलावलं. एक हात गरममध्ये, एक गारमध्ये, मिनिटभर धर, आणि आता दोन्ही मधल्यात घाल. घातले. एक हात म्हणतो पाणी थंड, दुसरा म्हणतो गरम. पाणी एकच! सगळा वर्ग हसला आणि सर म्हणाले, "हाथ धोखा देता है, बेटा. पारा नहीं देता." आयुष्यात काही वाक्यं माणसाला नको त्या वयात ऐकू येतात. पुढे त्यांनी हेही सांगितलं होतं की थर्मामीटर फक्त ज्याला टेकलेला असतो त्याचंच तापमान सांगतो, आणि उष्णता किती आहे ते वेगळं, तापमान किती आहे ते वेगळं. पण तोवर माझं लक्ष सरांच्या हातातल्या काचेच्या नळीकडे गेलं होतं. प्रयोग नीट केल्याबद्दल सरांनी ती मला नवरात्रभर घरी न्यायला दिली. मी ती ओढणीत गुंडाळून अशी घरी आणली की रस्त्यातल्या लोकांना वाटलं असावं, पोरीच्या हाताला लागलंय.

त्या संध्याकाळी शेजारची सिंधूमावशी आणि दोघी-तिघी बायका ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. मला प्रेक्षक हवेच होते. मी तीन पातेली मांडली आणि प्रयोगासाठी, दुसरं कोण, अक्काला बोलावलं. ती आली. मी सांगितलं तसे दोन्ही हात बुडवले, मग मधल्या पातेल्यात घातले.

"सांग अक्का, पाणी कसं आहे?"

"या हाताले गार लागते, त्या हाताले कोमट."

"पण पाणी तर एकच आहे!" मी वकिलासारखी बायकांकडे वळले. "म्हणजे हात खोटं बोलतो. याच हातानं आपली केळी पिकतात."

सिंधूमावशी खो-खो हसली. "अक्का, पोरीनं तुमचा हात काढला की व मोडीत!" बाकीच्याही हसल्या. अक्काने दोन्ही हात पदराला पुसले, पातेली उचलली, पाणी तुळशीला घातलं आणि आत गेली. तेव्हा मला वाटलं, पटलं तिला.

अण्णा दारात उभे राहून सगळं बघत होते. अण्णा नववी नापास, आणि नापासांना सायन्सबद्दल जो आदर असतो तो पास झालेल्यांना कधीच नसतो. नवरात्रातल्या अष्टमीला इच्छापूरच्या देवीच्या पायऱ्या चढून येणाऱ्या उपाशी माणसांना केळी वाटायची, ही आमच्या घरची रीत होती. नाव अण्णांचं, केळी अक्काची. वर्षात तो एकच दिवस असा, जेव्हा लोक अक्काला शोधत यायचे आणि "मावशी, यंदाही लोण्यासारखी हं" म्हणायचे. त्या केळ्यांचा माल पंचमीला खोलीत पिकायला लागणार होता. अण्णा पंचमीला सकाळी म्हणाले, "अक्का, यंदाची खोली सुमनला बघू दे. साइन्स आहे शेवटी. तूही किती दिवस धुरात डोळे फोडून घेणार?" अक्का ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही. कमरेची किल्ली काढली आणि सुपाच्या कडेला ठेवली. मी ती उचलली. एवढं साधं होतं ते.

मी काय काय केलं ते आज सांगताना मला घाम येतो, आणि त्याचा बेचाळीसशी संबंध नाही. अक्का रचताना फण्यांच्या मधून हाताएवढ्या वाटा सोडायची. मी त्या बुजवल्या, कारण माझ्या हिशेबाने मोकळ्या जागेतून गारवा पळून जाणार होता. वरून दुहेरी तट्ट दाबून बसवलं. एक दिवस धूर दिला. षष्ठीला बर्फाची लादी आली, ती झरोक्याखाली ठेवली, आणि झरोक्याच्याच बाजूला, उजेड नीट पडतो म्हणून, खिळा ठोकून थर्मामीटर टांगला. बाहेरूनच वाचता यायचा, धुरात शिरायला नको. सकाळ-दुपार-संध्याकाळ मी वहीत आकडे लिहिले. बावीस. बावीस. साडेबावीस. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत होतं आणि माझा पारा संन्याशासारखा स्थिर. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला झरोक्यापाशी नेऊन दाखवायचे, "देखो भई, बावीस!" लोकही माना डोलवायचे. बावीस म्हणजे चांगलं की वाईट, हे त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि अण्णांनाही.

अक्का त्या दोन दिवसांत एकदाच बोलली. षष्ठीच्या दुपारी मला ताट वाढताना. "मधात हात घातला का व?"

"गरजच नाही, अक्का. बावीस आहे."

"बरं," ती म्हणाली आणि भगरीवर आमटी जास्त वाढली.

सप्तमीला सकाळी आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने दोन-तीनदा नाक वर केलं. "सुमे, शिकरण कोणी केलंय का ग आज? लई गोड वास येतोय." मी झरोक्यातून पाहिलं. बावीस. तरी दार उघडलं. धूर केव्हाच बसला होता, बर्फापाशी छान गार होतं. मी आत जाऊन तट्ट उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या राशीत हात घातला. नुकत्याच उतरवलेल्या वरणाच्या भांड्याशेजारी हात न्यावा तशी वाफ लागली. एक केळं काढलं. वरून हिरवट-पिवळं, देखणं. सोललं तर आत लापशी.

मी थर्मामीटर खिळ्यावरून ओढून काढला आणि फण्यांच्या मधे खुपसला. पारा आधी विचारात पडल्यासारखा थांबला आणि मग चढायला लागला. अठ्ठावीस, बत्तीस, पस्तीस. छत्तीसवर थांबला. जे मी पुढे तीस वर्षं पोरांना फळ्यावर समजावलं ते मला तिथे उकिडवं बसून समजलं: पिकणारं केळं जिवंत असतं, श्वास घेतं आणि स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. हजारो केळी एकमेकांना चिकटून बसवली आणि वरून पांघरूण घातलं, तर त्यांना बर्फ कुठे आहे हे कळतही नाही. आदला सगळा दिवस मी मोठ्या निष्ठेने बर्फाशेजारच्या हवेचं तापमान लिहून काढलं होतं.

अण्णा माझा आवाज ऐकून आले. "काय झालं?"

"आत छत्तीस आहे."

"छत्तीस म्हणजे किती?"

"आपलं अंग असतं ना, ताप नसताना... जवळजवळ तेवढं."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. "मग ठीकच आहे की!"

"माणूस असता तर ठीक होतं, अण्णा."

मी केळं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दाबलं, ते बोटांमधून बाहेर आलं. अण्णा माझ्याकडे पाहत राहिले, मग झरोक्याकडे, मग केळ्याकडे. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी इच्छापूरला जायची होती. कुठल्या फण्या वाचल्या, कुठल्या गेल्या, कुठल्या उद्यापर्यंत तग धरतील, हे सांगणारं माणूस घरात एकच होतं, आणि ते स्वयंपाकघरात राजगिऱ्याचं पीठ मळत बसलं होतं. अण्णा म्हणाले, "जा, बोलाव." मी म्हणाले, "तुम्ही जा." बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांना पाठवत होतो. शेवटी मी गेले, कारण किल्ली माझ्याकडे होती.

"अक्का, जरा खोलीत येतेस?"

"काहून? तुझी काच काय म्हणते?"

"काच..." मी हातातल्या किल्लीशी चाळा केला. "काच बावीस म्हणते."

"मग मले काहून बलावतं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत सिंधूमावशीचं डोकं उगवलं होतं. वाईट बातमीचा वासही तिला केळ्यांसारखाच लांबून यायचा. मला पळून जावंसं वाटलं. मी म्हणाले, "थर्मामीटर हवेचं तापमान सांगत होता, फळाचं नाही. जागा चुकली. म्हणजे उपकरण बरोबर होतं, फक्त..."

"सुमन," अक्का पीठ मळता मळता म्हणाली, "मराठीत सांग."

"माझं चुकलं. हात घालायला पाहिजे होता."

अक्का उठली. हात धुतले, पुसले. मला वाटलं ती धावत सुटेल. ती ओसरीवर गेली आणि हात पदरात गुंडाळून, काखेत धरून बसली.

"अक्का! जप नंतर कर ना! वेळ नाही!"

"कसला जप?" ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "पाण्यात होता हात, गार पडला आहे. गार हाताले सगळं जगच तापलेलं लागते. थंडीच्या दिसात बाहेरून आलीस तर दूधही चटका देते की नाही? हात पहिले आपल्या जाग्यावर आणा लागतो, मग विचारा लागतो. तूच तर तीन पातेले मांडून सांगितलं होतंस त्या बायांले."

खिडकीतलं डोकं हसलं. या वेळी कोणाला हसलं ते मी बघितलं नाही.

ती पाच मिनिटं मी मोजली. मग अक्का आत शिरली आणि खोलीला आवाज आला. "काढा रे तट्ट! पहिले मधलं काढा, कडेचं नंतर! फणीले फणी टेकवू नका!" ती हात घालायची आणि बोलायची, "हे गेलं. हे गेलं. हे उद्याले चालते. हे सावलीत, हे बर्फापाशी, हे वाऱ्यात." मजूर, अण्णा, आई, मी, आणि पदर खोचून आलेली सिंधूमावशी, आम्ही सगळ्यांनी दुपारपर्यंत ओसरी, जिना, देवघराच्या पायऱ्या, जिथे सावली असेल तिथे ओली पोती अंथरून फण्या सुट्या सुट्या मांडल्या. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा उचलून आणला. सतरंजीवर पुरुष बसायचे त्या जागी केळी झोपली होती. तिन्हीसांजेला अक्काने शेवटची फेरी मारली आणि म्हणाली, "तिसरा हिस्सा गेला. बाकीची देवीपाशी जातील."

गेलेल्या तिसऱ्या हिश्श्याचं काय झालं, तर तो आम्ही खाल्ला. आईने केळ्याचा हलवा केला, केळ्याच्या गोड पुऱ्या केल्या, शिकरण केलं, मग थकून नुसतीच केळी वाढली. मोहल्ल्यात घरोघरी डबे गेले. लूमवरची माणसं आठवडाभर मला बघून पोटावरून हात फिरवायची. मी आजही शिकरणाला नाही म्हणते आणि माझा मुलगा अजून त्यावर हसतो.

अष्टमीला गाडी वेळेवर इच्छापूरला पोचली. पायऱ्यांपाशी अक्का केळी देत होती, मी मागून टोपल्या सरकवत होते. एक म्हातारी केळं खाऊन म्हणाली, "मावशी, यंदा जरा कमी गोड लागते." अक्का म्हणाली, "यंदा मी नव्हती बाई घरी." मला वाटलं होतं ती माझं नाव सांगेल. माझी तयारी होती.

घरी आल्यावर जेवणं झाली आणि अण्णा घसा साफ करून म्हणाले, "अक्का, उद्यापासून खोली परत तुझी. पोरगी आहे, करून बसली. किल्ली घे." त्यांनी माझ्याकडे हात पसरला. मी किल्ली काढली.

"राहू दे तिच्यापाशी," अक्का म्हणाली.

"अग पण..."

"माझ्यामागे कोण पाहीन? तू? तुले छत्तीस म्हणजे ठीक वाटते." आई पदरात हसली. अक्का हसली नाही. "पोरीनं पाहिलं तर मले का वाईट वाटणार आहे, आबा? शिकली आहे ती. पण काढून घ्यायच्या आधी मले एक बार विचारलं असतंस. ज्वारी निवडत होते मी. मरून नव्हते गेले."

अण्णांना घरात कोणी आबा म्हणत नसे. ते त्यांचं लहानपणीचं नाव असावं. त्यांनी ताटातली मिठाची चिमूट इकडून तिकडे केली, तिकडून इकडे केली. त्या दिवसानंतर अण्णांना एक सवय लागली ती जन्माची. अक्का, गाडी सांगू का? अक्का, रेडिओ लावू का? अक्का, झोपायला जाऊ का? शेवटी शेवटी अक्काच वैतागायची, "जा रे बाबा, झोप!"

दिवाळीच्या आधी पुढचा माल लागला. या वेळी रास अक्काने रचली, वाटा सोडून. दुसऱ्या दिवशी तिने मला ओसरीवर शेजारी बसवलं, माझा हात काखेत धरायला लावला, आणि मग आम्ही आत गेलो. आधी तिने हात घातला, मग मला म्हणाली, "घाल." मी घातला. ऊब होती.

"किती आहे?" तिने विचारलं.

थर्मामीटर तिवारी सरांकडे परत गेला होता. "गरम आहे," मी म्हणाले.

"गरम तर चूलही असते. किती?"

"मला नाही सांगता येत, अक्का. तुला कसं येतं?"

"त्यात काय येते? लेकरू झोपलं की त्याच्या मानेखाली, केसाच्या मुळाशी जी ऊब लागते ना, ती आली की माल गेला. त्याच्या अलीकडे थांबा लागते. आज अलीकडे आहे."

मी विचारात पडले. घरात लेकरं फार नव्हती, आणि अक्काला तर नव्हतंच. "कोणाचं लेकरू?"

अक्काने तट्ट नीट ओढून बसवलं. "तुझी माय बाळंतपणातून उठली नव्हती तीन महिने. कोणापाशी झोपत होतीस तू? चाल, सरक तिकडं. दार लावू दे."